गार्डसाहेबांची शिट्टी

बालवाडीत प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा मुलाखत सईची होणार, अशी आमची समजूत होती. नव्वदच्या दशकातले ते दिवसच तसे होते. तीन वर्षांच्या पोराला रंग विचारायचे, फळं विचारायची, एखादी कविता म्हणायला लावायची, आणि पोरानं भोकाड पसरलं की आईबापांनी घरी जाऊन एकमेकांवर खापर फोडायचं. आमची सई तर तेव्हा बोलतच नव्हती. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या एकदोन नावाजलेल्या नर्सऱ्यांमधून आम्ही तोंड पाडून परत आलो होतो. ही बालवाडी एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये भरायची आणि तिला पाटीसुद्धा नव्हती.

टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. अंगात गंजीफ्रॉक आणि पायजमा, डोक्यावर मात्र रेल्वेच्या गार्डाची टोपी. त्यांनी सईकडे बघून एकदा मान हलवली आणि माझ्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"जेवताना टीव्ही चालू असतो?"

माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. तो गडबडला. "बातम्यांपुरता," म्हणाला.

"पोरगी भाजी निवडू लागती का?"

"अहो, ती तीन वर्षांची आहे," मी म्हटलं.

"मग निवडू द्या की. फार तर मेथी कमी पडंल. आणि शेवटची गोष्ट तिला कधी सांगितली? तुम्ही नाय ताई, मी साहेबांना विचारतोय."

साहेबांना काही आठवेना. गृहस्थांनी टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचं एक जुनं रेल्वेचं तिकीट काढलं, त्याला कटरनं भोक पाडलं आणि सईच्या मुठीत दिलं. "हरवायचं नाय," असं तिला बजावलं. आम्ही दोघंही सपशेल नापास झालो होतो, तरी आमच्या मुलीला प्रवेश मिळाला.

तर हे गार्डसाहेब. सगळे पालक त्यांना याच नावानं हाक मारायचे आणि मुलं म्हणायची आबा. सगळी नोकरी मनमाडला काढलेली, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. निवृत्त होऊन ते नाशिकला आले, कारण इथे त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, भावाच्या बंगल्यात कित्येक वर्षं बालवाडी चालवली होती. नवरा रुळांवर आणि बायको पोरांत, असा तो संसार. काकूंना मदत म्हणून गार्डसाहेब पहिल्या दिवशी सतरंज्या झटकायला आले आणि बघता बघता काकूंच्या बालवाडीची रेल्वे झाली.

"काय करणार," काकू म्हणायच्या, "यांनी जन्मभर शिट्ट्याच मारल्या. लग्नाआधी मारल्या, लग्नानंतर मारल्या. आता रिटायर झाले म्हणून तोंड थोडंच बंद राहणार आहे?"

काकू शिक्षणाच्या बाबतीत पक्क्या होत्या. गाणी, गोष्टी, माती, पाणी, मणी हे सगळं त्या बघायच्या. वाहतूक गार्डसाहेबांकडे. सकाळी प्रार्थना झाली की मुलं एकमेकांचे शर्ट आणि फ्रॉक मागून धरून रांगेत उभी राहायची. पुढचं मूल इंजिन, बाकीचे डबे, आणि सगळ्यात शेवटी गार्डसाहेब, हातात हिरवा बावटा आणि तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली, बावटा हलला की गाडी मनमाडहून सुटायची. मनमाड म्हणजे गॅरेजची पायरी. पेरूच्या झाडाखाली लासलगाव. मांडवावर चढलेल्या, कधी न फळलेल्या द्राक्षाच्या वेलाखाली निफाड. नळापाशी ओढा स्टेशन, तिथे हात धुवायचे आणि नाशिक रोडला येऊन डबे खायचे.

लासलगावला कांदे असायचे, खरेखुरे. मुलांनी मोठे एकीकडे आणि लहान एकीकडे करायचे, रांगा लावायच्या, कुठली रांग लांब ते बघायचं. टरफलं उडवायची, वास घ्यायचा, डोळे चोळून रडायचं, हा सगळा अभ्यासक्रमाचाच भाग. एक आई यावर फार भडकली होती. कपाळावर गॉगल चढवून ती फाटकातच उभी राहिली. "मी माझ्या मुलाला शाळेत कांदे निवडायला पाठवत नाही," म्हणाली.

"मग काय शिकायला पाठवता?"

"ए फॉर ॲपल तरी शिकवाल की नाही?"

"ॲपल नाशकात कुठं पिकतं, बाई?" गार्डसाहेबांनी अगदी मनापासून विचारलं. "बघितल्याबिगर त्याचं अक्षर कशाला? उद्या डब्यात एक द्या पाठवून. आधी हुंगू, कापू, बिया मोजू, मग अक्षर."

दुसऱ्या दिवशी सफरचंद आलं. सगळ्यांना एकेक फोड मिळाली, पण त्या बाईंचा मुलगा पुढच्याच महिन्यात दुसऱ्या नर्सरीत गेला. गार्डसाहेबांनी त्याला फाटकापर्यंत जाऊन बावटा दाखवला.

त्यांचा हेकटपणा सगळ्यांनाच झेपायचा असं नाही. कोणी उशिरा आलं की ते हाताचा कर्णा करून, फलाटावरच्या त्या नाकातल्या आवाजात जाहीर करायचे, "रोहनची गाडी, आईनं गजर बंद केल्यामुळं, आज उशिरानं धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आई दिलगीर आहे." रोहनची आई आमच्याच गल्लीतली. ती पुढे पुढे नवऱ्याला पाठवायला लागली. गाणं मात्र त्यांना म्हणता येत नसे आणि आपल्याला ते येतं असा त्यांचा पक्का समज होता. मालगाडीच्या गोष्टी तर इतक्या लांबायच्या की मुलं सतरंजीवर पटापट झोपून जायची. ते त्याला आपलं यश मानायचे.

शनिवारी घरचा अभ्यास मिळायचा, पण मुलांना नाही, आम्हाला. गार्डसाहेब फाटकात उभे राहून एकेका पालकाला तो तोंडी द्यायचे. या आठवड्यात कपडे वाळत घालताना मूल जवळ ठेवा आणि तोंड बंद ठेवू नका, काय काय करताय ते सांगत राहा. या आठवड्यात पाणी तिचं तिला ओतू द्या, सांडलं तर फडकं तिच्याच हातात द्या. या आठवड्यात वडिलांनी रोज एक गोष्ट, मोबदल्यात आईनं मधे बोलायचं नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. माझा नवरा धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत सईपुढे क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन करावं तसा बोलत बसायचा, "आता आला निळा, त्याच्या जोडीला दुसरा निळा, आणि हा राखाडी एकटाच." सई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची आणि अचूक जोडी पुढे करायची. बोलायची मात्र नाही.

हीच माझी त्या वर्षाची काळजी होती. बाकीचं सगळं मी आता हसत सांगते आहे, पण तेव्हा रोज सकाळी उठले की पहिला विचार तोच यायचा. गल्लीतली तिच्या वयाची पोरं वाद घालायला लागली होती, चहाड्या करायला लागली होती, आणि माझी मुलगी बोट दाखवून, हात ओढून, डोळ्यांनी काम चालवत होती. सिन्नरला माझ्या सासूबाईंना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "आमचा धाकटा पाच वर्षांचा व्हईपर्यंत मुका व्हता," त्या सांगायच्या, "आता बघ, कुणाला बोलू देत नाय." धाकटे दीर खरोखरच कुणाला बोलू देत नाहीत, त्यामुळे मला गप्प बसावं लागायचं.

एकदा न राहवून मी गार्डसाहेबांना विचारलं. ते ओढ्याच्या नळाचा वॉशर बदलत होते.

"ताई, तुम्ही मनमाडच्या आउटरला कधी अडकलाय?"

स्टेशन समोर दिसतंय आणि गाडी अलीकडेच सिग्नलपाशी उभी करून ठेवलीय, त्या जागेला आउटर म्हणतात. तिथे कोण अडकलेलं नसतं? "कितीदा तरी," मी म्हटलं. "जीव जातो नुसता."

"पण गाडी बिघडलेली असती का?"

"नाही."

"मग? फलाट मोकळा झाला की घेत्यात आत. ही पोरगी आउटरला उभी हाय. डोकं चालू हाय, डोळे चालू हायेत, सगळं कळतंय तिला. लेट म्हंजे कॅन्सल नाय, ताई. वाट बघायची."

मग वॉशर घट्ट करता करता त्यांनी सांगितलं, की त्यांची स्वतःची दोन्ही मुलं बोलायला लागली तेव्हा ते मालगाडीवर होते. थोरला पहिल्यांदा 'चिऊ' म्हणाला, हे त्यांना आठवड्यानं घरी आल्यावर कळलं, आणि तोवर पोरगा चिऊ सोडून पुढे गेला होता. "त्यामुळं मला लेट पोरं आवडत्यात," ते म्हणाले. "मी हजर असताना बोलतील." त्यांना सईचा पहिला शब्द ऐकायचा होता, हे मला तेव्हा कळलं. मला बरं वाटलं. माझ्याशिवाय आणखी कुणीतरी वाट बघत होतं.

शिवाय सई त्यांची लाडकी होती, त्याला कारण होतं. खऱ्या रेल्वेत ड्रायव्हरनं सुटताना मागे वळून गार्डाचा बावटा बघायचा असतो. गार्डसाहेब हे रोज शिकवायचे आणि रोज पोरं विसरायची. इंजिन झालेलं पोरगं शिट्टी वाजायच्या आतच धूम ठोकायचं, मागचे डबे पडायचे, रडारड व्हायची. सई इंजिन असली की मात्र मान वळवून बावट्याकडे एकटक बघत उभी राहायची. बावटा हलला की त्याच क्षणी पाऊल पुढे. "हा खरा ड्रायव्हर," गार्डसाहेब सगळ्यांना सांगायचे. "एवढी पोरं बघितली, असं इंजिन नाय बघितलं." मीही ते ऐकून फुशारायचे. आईला काय, मुलीचं काहीही कौतुक चालतं.

मग रंगपंचमी आली. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीलाच, त्यामुळे आदल्या दिवशी बालवाडीतही पाण्याची टिपं भरली होती आणि मुलांनी दिसेल ते रंगवलं. पेरूचं झाड रंगवलं, काकूंची पाठ रंगवली, आणि हिरवा बावटा असा काही गुलाबी करून ठेवला की काकूंनी तो सोड्यात भिजत घातला. सुट्टीनंतर बालवाडी भरली तेव्हा बावटा दोरीवर वाळत होता, अजून निम्मा गुलाबीच. गार्डसाहेबांनी नुसत्या शिट्टीवर गाडी सोडायचं ठरवलं. इंजिनाची पाळी सईची होती.

त्या दुपारी मी तिला न्यायला गेले तेव्हा बाकीची मुलं घरी गेलेली होती. एरवी मी कामाला होते त्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निघायला मला पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या नावाची घोषणा व्हायची, आज झाली नाही. गार्डसाहेब मनमाडच्या पायरीवर बसले होते आणि टोपी मांडीवर होती. त्यांना पूर्ण टक्कल आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सई पेरूखाली पाठमोरी बसून कांदे लावत होती.

काकू काहीतरी सांगायला लागल्या. गार्डसाहेब उठले. सईच्या मागे गेले, अगदी चार हातांवर उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, ताई." आणि जीव खाऊन वाजवली. मी दचकले. पेरूवरचे कावळे उडाले. सईनं एक मोठा कांदा उचलला, नीट बघितला आणि मोठ्यांच्या रांगेत ठेवला.

सकाळी नुसती शिट्टी वाजली तेव्हा मागची मुलं तिला ढकलत होती, आणि ती मान वळवून गार्डसाहेबांच्या रिकाम्या हाताकडे बघत उभी होती.

"मधेच गाडी थांबली," गार्डसाहेब म्हणाले, "तर गार्डानं खाली उतरून बघायचं असतं का थांबली. पहिला नियम हाय. जन्मभर पाळला. आणि हिथं मी डब्यात बसून राह्यलो. लेट हाय, लेट हाय म्हणत राह्यलो."

मला त्यांचा भयंकर संताप आला. आता विचार करते तेव्हा वाटतं, तो त्यांच्या एकट्यावर काढायला नको होता. घरात आम्ही दोघं होतो, सिन्नरला आजी होती, आम्हालाही कळलं नव्हतं. दार आपटलं की सई वळून बघायची, ट्रक गेला की खिडकीशी धावायची, गणपतीत नाशिक ढोल घुमला की कडेवर नाचायची. ढोलावर नाचणाऱ्या मुलीला ऐकू येत नसेल, ही शंका कुणाच्या मनात येणार? पण त्या वेळी माझ्यासमोर ते होते. "तुमच्या शब्दावर विसंबून बसलो आम्ही," मी म्हटलं. ते म्हणाले, "खरंय." आणखी काही बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. मी सईला उचललं आणि चालत घरी निघाले. रस्ताभर रडत होते, आणि सई माझे डोळे फ्रॉकच्या टोकानं पुसत होती.

दुसऱ्या दिवशी, काकूंनी नाव कळवलेल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तर बाकावर गार्डसाहेब आधीच बसलेले. इस्त्रीचा शर्ट, टोपी नाही. "हिनं पाठवलं नंबर लावाय," काकूंच्या नावावर खपवून त्यांनी सांगितलं. आमचा नंबर पहिला होता. मी त्यांच्याशी बोलले नाही, पण आत जाताना माझा नवरा त्यांना म्हणाला, "तुम्हीही चला," आणि तेही आत आले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. ढोल पोचतो, शिट्टी पोचत नाही, आणि माणसाच्या बोलण्यातला बराचसा भाग तिला पुसट, तुटक ऐकू येतो. यंत्र लावलं आणि घरात खूप कष्ट घेतले तर बोलेल. "म्हणजे रोज तिच्यासमोर बसून बोलायचं," डॉक्टर म्हणाले. "भाजी निवडताना, कपडे घडी करताना, जे कराल ते सांगत राहायचं. तुमचा चेहरा तिला दिसला पाहिजे." माझ्या नवऱ्यानं गार्डसाहेबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

तेव्हा मिळालेलं यंत्र म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, तिच्यातून कानापर्यंत वायर. पेटी ठेवायची कुठे, हा प्रश्न होता, कारण सईच्या एकाही फ्रॉकला खिसा नव्हता. तिसऱ्या दिवशी काकू आल्या त्या एक खिसा घेऊन. पांढऱ्या जाड कापडाचा, वर पितळी बटण. गार्डसाहेबांनी आपल्या युनिफॉर्मच्या कोटाचा खिसा उसवला होता. "कोट कुठं घालायचाय आता यांना," काकू म्हणाल्या, "नुसता कपाटात लटकून माझी जागा खातो." मी तो खिसा फ्रॉकवर शिवला आणि राग तिथेच कुठेतरी संपला.

त्यानंतर बालवाडीत एक बदल झाला. शिट्टी बंद. गाडी नुसत्या बावट्यावर सुटायची आणि सगळ्या मुलांना मागे वळून बघावं लागायचं. शिट्टी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असायची, पोरं मागायची, पण गार्डसाहेब द्यायचे नाहीत आणि स्वतःही वाजवायचे नाहीत. संध्याकाळी मात्र ते आमच्या घरी यायचे. कपाटामागे लपून डबा वाजवायचे, घंटा वाजवायचे, किल्ल्या खुळखुळवायचे, आणि सईनं आवाज कुठून आला ते दाखवायचं. आमचं घर म्हणजे भांड्यांचं दुकान झालं होतं. सईला किल्ल्या कळायला लागल्या, वाटी-चमचा कळायला लागला. एकदा मी म्हटलं, "आता शिट्टी वाजवून बघा की." ते म्हणाले, "पुढच्या टायमाला." पुढच्या वेळीही तेच. काकूंनी मला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं, "त्यांना आग्रह करू नकोस. त्यांच्यानं होत नाही. परत नाही वळली तर काय, म्हणून घाबरतात."

आणि सई बोलली. पहिल्यांदा 'आई' म्हणाली असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिचा पहिला स्पष्ट शब्द होता 'कांदा'. लासलगावला, पेरूखाली, एक भला मोठा कांदा दोन्ही हातांत धरून तिनं तो गार्डसाहेबांना सांगितला. ते बरोबर समोर बसलेले होते. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी त्या दिवशी कांदे निवडण्याच्या निमित्तानं बराच वेळ डोळे पुसले. मला 'आई' ऐकायला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं, त्याआधी 'ओढा' झालं, 'बाबा' झालं, आणि रोहनशी भांडून 'जा' सुद्धा झालं.

पुढे नव्या नर्सऱ्या निघाल्या, गणवेश आणि बसवाल्या. काकूंच्या भावानं बंगला पाडून इमारत बांधायला दिली आणि दोघं मनमाडला आपल्या जुन्या घरी गेली. दोन हजार सालानंतर कधीतरी, सई चौथीत असताना, आम्ही मायलेकी त्यांना भेटायला गेलो. पेटी आणि वायर केव्हाच गेली होती, कानामागे बसणारं लहान यंत्र आलं होतं. तिचा 'स' अजून थोडा घसरायचा, पण त्यामुळे ती थांबायची नाही. दुपारभर तिनं शाळा, बाई, मैत्रिणी, मैत्रिणींच्या मैत्रिणी, सगळं सांगितलं. गार्डसाहेब समोर बसून, टोपी घालून, ऐकत होते. मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, आता हिला कुणीतरी आउटरला उभी करा."

संध्याकाळच्या पॅसेंजरनं आम्ही परत निघालो. दोघं स्टेशनवर पोचवायला आली. जिना उतरलो तर समोरच बायकांचा एक रिकामा डबा, मी चढायला लागले.

"हिथं नाय," गार्डसाहेब म्हणाले. "शेवटच्या डब्यात बसा."

"अहो, इथे जागा आहे."

"शेवटच्या डब्यात बसा, ताई. तिथं हवा चांगली येती."

काकूंनी दिलेली तांदळाची पिशवी, शेंगदाणे, लोणच्याची बरणी, हे सगळं घेऊन मी तो लांबलचक फलाट तुडवला आणि मनातल्या मनात त्यांच्या हेकटपणाला नावं ठेवली. शेवटचा डबा इतर कुठल्याही डब्यासारखाच होता. हवा बिलकूल येत नव्हती. पलीकडे लागून गार्डाचा डबा होता आणि त्याच्या दारात ड्यूटीवरचा तरुण गार्ड घड्याळ बघत उभा होता. सई खिडकीकडे पाठ करून माझ्यासमोर बसली आणि राहिलेली गोष्ट सांगायला लागली, कुणीतरी कुणाचा तरी रबर घेतला होता त्याची. बाहेर फलाटावर काकू हात हलवत होत्या. गार्डसाहेब हात हलवत नव्हते. ते नुसते उभे होते आणि सईच्या पाठीकडे बघत होते.

शिट्टी वाजली.

सई रबराच्या गोष्टीत बुडालेली, मान तिनं वळवली नाही. गोष्ट मधेच तोडून म्हणाली, "आई, सुटली बघ," आणि पुन्हा रबर चालू. गाडी अजून हललीही नव्हती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खिडकीतून बाहेर बघितलं. गार्डसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. डबा त्यांच्यापुढून सरकायला लागला, आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून तोंडाला लावलं. इतक्या वर्षांनी ती शिट्टी मी ओळखली. त्यांनी ती अशी लांबलचक वाजवली की ड्यूटीवरचा गार्ड दारातून बाहेर वाकला आणि ओरडला, "ओ काका, काय चाललंय?" काकूंनी कपाळाला हात लावला.

सईनं गोष्ट थांबवली. या वेळी ती वळली, खिडकीच्या गजांना नाक लावून मागे बघायला लागली.

"आई, ही दुसरी शिट्टी आहे," ती म्हणाली. "आधीची वेगळी होती. ही कुणाची गं?"